एकटीच्या घरातला दुसरा आवाज

गल्लीत त्यांना सगळे कानमास्तर म्हणत. मास्तरकी त्यांनी एक दिवसही केलेली नव्हती. आधी रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, मग त्याहून लहान होत गेलेली यंत्रं दुरुस्त करता करता वयाची साठी उलटली, आणि अलीकडची बारा-तेरा वर्षं त्यांच्याकडे मुख्यतः एकच काम येई: बंद पडलेल्या व्हॉइस रेकॉर्डरमधून हरवलेले आवाज परत काढणं. राहत्या घराची पुढची खोली हेच दुकान. खिडकीशी लांब टेबल, त्यावर भिंग, सोल्डरिंगची लेखणी, जुना संगणक आणि कापडाने पुन्हा पुन्हा शिवलेला एक हेडफोन. मागच्या खोलीत त्यांची थोरली बहीण राहत असे. तिने नोकरीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, आणि कानाला सतत लावलेल्या त्या यंत्राने तिचा डावा कान कायमचा घेतला होता. तरी ती भावालाच ‘बहिऱ्या’ म्हणे.

“अरे ए बहिऱ्या, चहा गार होतोय!”

“आलोच.”

हा संवाद रोज होई, आणि चहा रोज गार होई.

कानमास्तरांनी कामाचे दोन नियम स्वतःला घालून घेतले होते. पहिला: माणसाचं बोलणं ऐकायचं नाही, बोलण्याच्या मागचं ऐकायचं. रेकॉर्डर बिघडला की आतल्या नोंदींची यादी पुसली जाते. राहतात ते विखुरलेले तुकडे. कोणता तुकडा कशाला जोडायचा हे ते मागच्या आवाजांवरून ठरवत. पंख्याची घरघर, लांबचा रस्ता, नळाचं ठिबकणं. प्रत्येक घराला आपला असा सूर असतो, आणि तो जुळला की तुकडा जुळला. दुसरा नियम: एकाचा आवाज दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. वापरलेल्या यंत्रांत आधीच्या मालकाचे अवशेष निघत. ते त्यांनी कधी कोणाला ऐकवले नाहीत. दुसऱ्याच्या खासगी दुःखाशी रोज संबंध येणाऱ्या माणसाला कुठल्यातरी नियमाचा आधार लागतो. मात्र नियम जुना झाला की तो आपण का केला होता हे आठवेनासं होतं, आणि मग तो पाळण्यातच सगळं चांगुलपण साठलं आहे असं वाटू लागतं.

एका सोमवारी पंचेचाळिशीची एक बाई चाकांच्या खुर्चीतून आपल्या आईला घेऊन दुकानात आली. आईचा उजवा हात मांडीवर उशीसारखा पडला होता. डाव्या मुठीत एक रेकॉर्डर घट्ट धरलेला होता.

“सोडतच नाही हो,” मुलगी म्हणाली. “घर आवरताना सापडला, तेव्हापासून हातात आहे. आई, दे ना यांना. हे बरा करतात.”

आईने कानमास्तरांकडे बराच वेळ पाहिलं, मग मूठ उघडली. आतले सेल फुटून हिरवट क्षार बाहेर आला होता.

मुलीने सांगितलं ते असं. वडील जाऊन सहा वर्षं झाली. आई एकटी राहायची. पूर्वी शिवणकामाचे वर्ग घ्यायची. मुलगी लांबच्या शहरात. दोन वर्षांपूर्वी तिने हे यंत्र आणून दिलं. आवाज आला की आपोआप सुरू होणारं, गप्प झालं की तीन सेकंदांनी थांबणारं.

“म्हटलं, रोज फोन जमत नाही, तर यात बोलत जा. मी आले की ऐकीन. दोनदा आले.” ती थांबली. “ऐकलं नाही.”

तीन महिन्यांपूर्वी आई घरात पडली. मेंदूतल्या रक्तस्रावाने वाचा गेली. तेव्हापासून ती एकच गोष्ट करते. ते सांगत असतानाच आईने डाव्या हाताचं बोट दुकानातल्या टेबलाच्या काचेवर दाबलं. उचललं, पुन्हा त्याच जागी दाबलं, आणि मुलीच्या तोंडाकडे बघत राहिली.

“हे बघा. दिवसभर हेच. टेबलावर, पलंगावर, माझ्या हातावरसुद्धा. काहीतरी मागते. डॉक्टर म्हणतात, शिवणाऱ्या माणसाची जुनी सवय, कापड दाबून धरायची. त्यात अर्थ शोधू नका. हिला आता काही कळत नाही म्हणे. येत्या सोमवारी तिला संस्थेत न्यायचंय, ज्यांना काही उमजत नाही अशांच्या विभागात. एकदा तिथे गेली की तिचं कोण बघणार, कोण विचारणार? त्याआधी मला ती काय मागते ते समजायला हवं. तिचं बोलणं आता यातच राहिलंय, मास्तर.”

“यंत्र नवं घेतलं होतं?”

“दुकानात दाखवायला ठेवलेलं होतं. नवंच म्हणायचं.”

“घरात आणखी कोणी?”

“कोणी नाही. कोणी येत-जातसुद्धा नव्हतं.”

कानमास्तरांनी चिप उतरवली, साफ केली, आणि मंगळवारी दुपारपर्यंत शेवटच्या अकरा आठवड्यांचे तुकडे संगणकावर आणले. प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर तारीख-वेळ शाबूत होती. घराचा सूरही लवकर सापडला. भिंतीवरचं घड्याळ किंचित लंगडत होतं: एक ठोका लांब, एक आखूड. त्या लंगडण्यावर त्यांनी तुकडे ओवायला घेतले. आईचा आवाज पातळ आणि ठसठशीत होता. शिकवणाऱ्या बाईचा असतो तसा.

“वारा सुटलाय. खिडकी लावू का?”

घड्याळाचे चार ठोके. मग पुरुषाचा आवाज आला.

“हो.”

कानमास्तरांचा हात थांबला. त्यांनी तुकडा मागे नेला, पुन्हा वाजवला. वयस्क, जाड, जरासा घोगरा आवाज. खोलीत, अगदी जवळून.

पुढच्या तुकड्यात आई म्हणत होती, “पोरीला पत्र लिहीन म्हणते.”

“बघू उद्या.”

“तुमचं नेहमीचंच!” आणि ती हसली.

आणखी एक होता. त्यात आईचा आवाज खाली गेला होता. “जिन्यात कोणीतरी आहे वाटतं. ऐकलंत?”

“ऐकतोय.”

बाहेर ऊन होतं, गल्लीत कोणीतरी सतरंजी झटकत होतं, आणि कानमास्तरांना दोन्ही दंडांवर थंडी जाणवली. त्यांनी हेडफोन काढला, पुन्हा घातला. त्या दिवशी पहिला नियम मोडला. मागचं सोडून ते बोलणंच ऐकत बसले. जितकं ऐकलं तितकं ते अधिक भयाण होत गेलं. कारण तो पुरुष बोलण्यापलीकडे काहीच करत नव्हता. त्याची पावलं नव्हती, खोकला नव्हता, खुर्ची सरकत नव्हती. माणूस बोलण्याआधी श्वास घेतो, तोंड उघडल्याचा बारीक ओला आवाज होतो. हा श्वासच घेत नव्हता. आई प्रश्न विचारे आणि उत्तर हवेतून पडे. दमलो. तू जेव. आलोच.

बुधवारी त्यांना एक गोष्ट सापडली आणि हायसं वाटलं. त्यांनी दोन ‘आलोच’ पडद्यावर एकाखाली एक ठेवले. आवाजाच्या रेघा तंतोतंत सारख्या. तिसरा, दहावा, चाळिसावा, सगळे सारखे. कोणताही जिवंत माणूस एकच शब्द दोनदा तसाच उच्चारू शकत नाही. चिप मात्र आपल्या सोयीसाठी एकच तुकडा अनेक ठिकाणी लिहून ठेवते. अशा दुबार नोंदी निघणं रोजचंच. प्रत्येक शब्दाआधी एक बारीक ‘टिच’ येत होता. तुकड्यांच्या सांध्यावर असा आवाज राहतोच. उलगडा झाला. यंत्र दुकानात दाखवायला होतं, तिथे कोण्या म्हाताऱ्याने चार शब्द बोलून पाहिले असतील; तेच अवशेष सगळीकडे पसरलेत. उत्तरं प्रश्नांना जुळतात म्हणावं, तर ‘हो’ आणि ‘बघू उद्या’ कोणत्या प्रश्नाला जुळत नाहीत?

हे स्पष्टीकरण चुकीचं होतं, पण अडाणी नव्हतं. ते एका अनुभवी कारागिराचं होतं, आणि घाबरलेल्या माणसाला हवं होतं तेवढंच शहाणं होतं. दुसऱ्या नियमाने त्याला आशीर्वादही दिला: परक्याचा आवाज या मायलेकींच्या हाती का द्यायचा? त्यांनी तो पुरुष सहाशे चाळीस ठिकाणांहून काढून टाकला. शेवटच्या दिवसाच्या नोंदीत काहीतरी जड पडल्याचा आवाज होता आणि पुढे काही अस्पष्ट, तुटक, मग फक्त तोच ‘आलोच’, पुन्हा पुन्हा. तेही सगळं पुसलं. धपकन आवाज तेवढा ठेवला.

गुरुवारी मायलेकी आल्या. आईच्या कानांना हेडफोन लावला. स्वतःचा आवाज ऐकून तिचे डोळे मोठे झाले. ‘खिडकी लावू का?’ तिचं बोट काचेवर दाबलं गेलं. ती थांबली. पुढचा प्रश्न आला. पुन्हा बोट, पुन्हा वाट पाहणं. सातव्या-आठव्या प्रश्नानंतर तिने डाव्या हाताने हेडफोन ओढून काढला, आणि आपल्या घरातून काही उचलून नेणाऱ्याकडे पाहावं तसं कानमास्तरांकडे पाहिलं.

“आई, तुझाच आवाज आहे गं!”

आईने मान हलवली. नाही.

“स्वतःचा आवाजसुद्धा ओळखत नाही,” मुलगी हळूच म्हणाली. तिने शेवटची नोंद स्वतः ऐकली. “पडल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. म्हणजे लगेच शुद्ध गेली असेल ना, मास्तर? फार वेळ कळलं नसेल तिला?”

“तसंच दिसतंय,” कानमास्तर म्हणाले.

“तेवढं तरी बरं.” तिने डोळे पुसले. “जाऊ दे मग. सोमवारी नेते.”

त्या संध्याकाळी दोघं जेवायला बसली. बहिणीने दोनदा वाढायला विचारलं, तिसऱ्यांदा पळी ताटावर आपटली.

“जगाचं ऐकतोस, माझं ऐकताना काय होतं रे तुला? आज चार हाका मारल्या. चारही वेळा ‘आलोच’. त्याच सुरात, त्याच पट्टीत. तुझ्यापेक्षा आमची वेळ सांगणारी बाई बरी.”

“कोण बाई?”

“अरे, एक्स्चेंजमधली! नंबर फिरवला की किती वाजले ते सांगायची. बाई कसली, तबकडी होती ती. पण एक आजोबा रोज सकाळी फोन करायचे. ती वेळ सांगायची, हे म्हणायचे, ‘बरं झालं सांगितलंत.’ मग विचारायचे, ‘तुम्ही जेवलात का?’ आम्ही मुली मधून ऐकून हसायचो. एक दिवस यंत्र बिघडलं आणि मी स्वतः वेळ सांगितली, तर म्हणतात, ‘तुम्ही कोण? त्यांना द्या.’ त्या दिवसानंतर मी कधी हसले नाही.” तिने पाण्याचा घोट घेतला. “तोच शब्द रोज तसाच्या तसा आला तर समजावं, माणूस नाही, कोणीतरी बटण दाबतंय.”

कानमास्तरांचा घास हातातच राहिला. त्यांच्या डोळ्यांपुढे काचेवर दाबलेलं बोट आलं.

मूळ प्रत त्यांच्याकडे होती. शुक्रवारी सकाळी त्यांनी ती काढली, आणि या वेळी पुरुषाचा शब्द सोडून त्याच्या मागचं ऐकलं. तिथे घड्याळ होतं. एका ‘आलोच’खाली लांब ठोका ‘आ’वर पडत होता, दुसऱ्याखाली ‘च’ संपल्यावर, तिसऱ्याखाली पडतच नव्हता. पडद्यावर जाड रेघा जुळल्या होत्या. त्यांच्या पोटातला हा बारीक ठोका त्यांनी पाहिलाच नव्हता. चिपने एकच तुकडा पुन्हा लिहिला असता तर घड्याळही तसंच लिहिलं गेलं असतं. म्हणजे तो शब्द त्या खोलीत, त्या घड्याळाखाली, दर वेळी नव्याने उमटला होता. आणि आधीचा तो ‘टिच’ सांध्याचा नव्हता. बटणाचा होता. ज्या एका गोष्टीसाठी गल्ली त्यांना कानमास्तर म्हणत होती, नेमकी तीच त्यांनी भीतीपोटी केली नव्हती.

दुपारी त्यांनी मायलेकींना बोलावून घेतलं. मुलगी चिडूनच आली. “आता काय राहिलंय, मास्तर? तिला त्रास होतो हो.”

“बाई, मी तुमच्यापासून काही काढून घेतलं होतं. आधी ते ऐका. मग हवं ते बोला मला.”

त्यांनी हेडफोन न लावता मोठ्यानेच वाजवलं.

“वारा सुटलाय. खिडकी लावू का?”

“हो.”

मुलगी मागे सरली. पाठ कपाटावर आदळली. “बाबा,” ती म्हणाली. मग, “हे बाबा आहेत. हे… यंत्र तर ते गेल्यावर घेतलं. कसं शक्य आहे?”

आई मात्र शांत होती. तिचं बोट काचेवर पडे आणि लगेच संगणकातून उत्तर येई. पुन्हा बोट, पुन्हा उत्तर. शिवणाच्या वर्गात धडा घ्यावा तशी ती मुलीकडे बघत होती.

“डबा,” मुलगी एकदम म्हणाली. “अगं आई! बाबांचा डबा!”

वडिलांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. आवाज जाणार हे आधीच माहीत होतं, म्हणून एका आठ बटणांच्या डब्यात त्यांनी आपले आठ शब्द भरून ठेवले. पुढची दोन वर्षं तो गळ्यात अडकवून ते बटणं दाबून बोलत. ते गेल्यावर डबाही कायमचा बंद झाला असं मुलगी धरून चालली होती. आईने तो स्वतःच्या गळ्यात घातला होता.

“घर आवरताना मीच तो खोक्यात भरला. बाबांच्या चपलांबरोबर.” ती आईच्या गुडघ्याशी खाली बसली. मग मान वर करून तिने विचारलं, “आणि शेवटची नोंद?”

कानमास्तरांना गुरुवारचं आपलं ‘तसंच दिसतंय’ आठवलं. त्यांनी ती नोंद लावली. जड काहीतरी पडलं. काही तुटक, शब्द नसलेला आवाज. मग टिच. ‘आलोच.’ टिच. ‘आलोच.’ एका बाईला हाक मारायची होती, आणि तिच्याजवळ उरलेल्या एकुलत्या आवाजात मदतीला बोलावणारा शब्दच नव्हता. तिने त्यातल्या त्यात सगळ्यात मोठ्याने भरलेला शब्द निवडला होता.

“शेजारीण म्हणाली होती,” मुलगी म्हणाली, “आत कोणी पुरुष बोलत होता, ‘आलोच, आलोच’ म्हणत होता, म्हणून आम्ही काळजी केली नाही. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. उचलताना कोणीतरी गळ्यातला डबा काढून बाजूला ठेवला असेल, तो काय आहे हे पाहिलंसुद्धा नसेल.” मग तिने विचारलं, “किती वेळ?”

कानमास्तरांनी पडद्यावरच्या वेळा पाहिल्या. खोटं बोलणं सोपं होतं आणि दयाळूही दिसलं असतं.

“नऊ पंचवीसपासून एक दहापर्यंत. पावणेचार तास. शुद्धीत होत्या. सगळं कळत होतं त्यांना.”

मुलीने आईच्या निर्जीव हातावर कपाळ टेकलं. आईने डावा हात तिच्या केसांवर ठेवला, आणि एका बोटाने डोक्यावर दोनदा दाबलं.

शनिवारी डबा आला. सेल बदलले, गंजलेली पत्ती घासली. आईने तो छातीशी घेतला, बोटाने बटणं चाचपली, एकेक मोजली. मेलेल्या माणसाचा आवाज येणार हे तिघांनाही ठाऊक होतं. तरी वाट पाहण्यातली धास्ती कमी झाली नाही.

“आई,” मुलीने विचारलं, “सोमवारी त्या संस्थेत जायचं का?”

टिच. “नको.”

इतकं स्पष्ट, इतकं रागीट की कानमास्तर दचकले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कधीतरी, भलत्याच कशाला तरी तो माणूस ‘नको’ म्हणाला असेल. तो राग आता बायकोच्या कामी येत होता.

“माझ्याकडे येतेस मग?”

बोट हवेत राहिलं, सावकाश खालच्या रांगेत आलं.

“बघू उद्या.”

मुलगी हसली आणि त्याच दमात रडली. “बाबा, तुमचं नेहमीचं—” ती थबकली. तिने आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्याची एक बाजू हलत नव्हती; दुसऱ्या बाजूला जे होतं ते हसू होतं का, आणि असलं तर कोणाचं, हे कानमास्तरांना सांगता आलं नसतं. त्या घरात आता पुढे रोज असंच होणार होतं. प्रश्न जिवंत माणसाचा, उत्तर दुसऱ्याच्या तोंडचं, आणि आठ शब्दांत मावेल तेवढंच आयुष्य. तरी ते तिचं होतं. सोमवार टळला होता.

खुर्चीची चाकं गल्लीच्या टोकाला दिसेनाशी झाली. कानमास्तर टेबलाशी बसले. आतून हाक आली.

“अरे ए बहिऱ्या, चहा!”

शब्द ओठांपर्यंत आला, त्याच सुरात, त्याच पट्टीत. त्यांनी तो गिळला आणि उठले. बहिणीला पावलं ऐकू गेली नाहीत. ती वळली तर भाऊ दारात उभा होता. तिच्या हातातला कप हिंदकळला.

“अगं बाई! बोलला नाहीस, आणि आलास?”

ते समोर बसले. चहा इतका गरम होता की त्यांना थांबावं लागलं.